जावयाची छाती

सगळे ज्यांना काका म्हणतात त्या निवृत्त सैनिकाचा चौकात पुतळा बसवायचा ठरला आणि समितीने मला, शिल्पकाराला, त्यांची मापं घ्यायला पाठवलं. तरुणपणी काकांनी भर गोळीबारात तीन जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आणलं होतं. त्यासाठी त्यांना देशातलं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं होतं.

दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागणाऱ्या, जाड चष्म्याच्या एका गृहस्थांनी.

"काका आहेत का?" मी विचारलं.

"मीच तो. या."

मी चाचरत म्हणालो, "समितीला जरा भरदार छाती हवीय."

"मग आमच्या जावयाला घ्या की," काका समजुतीने म्हणाले. "चांगला उंचापुरा आहे."

जावई बँकेत कारकून. घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारे. पण छाती काढून उभे राहिले आणि अध्यक्ष खूश झाले. "तरुणपणी काका असेच दिसत असणार!"

"तेव्हा मी याहून बारीक होतो," काका म्हणाले. ते कुणी मनावर घेतलं नाही.

पुतळा बसल्यावर लोक रस्त्यात जावयालाच नमस्कार करू लागले. आधी जावई लाजायचे. हळूहळू "कर्तव्यच होतं हो ते" म्हणू लागले. आता तर शाळाशाळांतून त्यांची भाषणं होतात.

"तुम्हाला राग नाही येत?" मी काकांना विचारलं.

"छे! माझी बोलण्यातून सुटका झाली. मागच्या बाकावर बसून मीही ऐकतो. छान सांगतात. त्यांच्या गोष्टीत आमच्यातला एकही जण मरत नाही."