पेटीवाल्या लिओन्तेचा डावा हात

होय, मीच बोलतोय. बेसबॉलचा हातमोजा आहे मी. आतल्या मैदानात खेळणाऱ्याचा, म्हणून अंगानं आखूड. लांब बोटांचे मोजे दूर सीमेपाशी उभे राहून उंच उडालेले चेंडू झेलतात. माझ्याकडे चेंडू येतो तो जमीन खरवडत, सापासारखा. तो उचलायचा आणि मालकाच्या उजव्या हातात देऊन मोकळं व्हायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं करतोय आणि चांगलं करतोय.

माझं कातडं कुठल्या गाईचं, ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती सान पेद्रो या आमच्या गावी, लिओन्ते पेगुएरोच्या हातावर. तो अठरा वर्षांचा, बाप साखर कारखान्यात. मी नवा कोरा, लाकडासारखा ताठ. त्यानं मला तेल चोळलं, पोटात चेंडू घालून दोरीनं आवळलं आणि आठवडाभर गादीखाली ठेवून वर स्वतः झोपला. त्याची आई म्हणायची, "लग्न झाल्यावर बायकोला कुठं झोपवणार आहेस रे?"

लिओन्ते दुसऱ्या बेसपाशी उभा राहायचा. बेस म्हणजे धावणाऱ्याचा थांबा; त्यावर पाय असेपर्यंत तो सुरक्षित. पाय हलके, नजर तल्लख. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लहान गावांतले संघ, हिवाळ्यात आपला गावचा संघ. नऊ वर्षं आमचं झकास चाललं होतं.

मग तो रविवार आला. राजधानीच्या संघाशी निकालाचा सामना. शेवटचा डाव, दोघं बाद, आम्ही एका धावेनं पुढे. चेंडू सरळ आमच्याकडे आला. इतका सोपा, की लोक नाचायला उभे राहिले होते. लिओन्ते वाकला, मी उघडलो, आणि माझ्या बोटांमधली चामड्याची वादी तुटली. चेंडू आरपार निघून गेला. त्यांच्या दोन धावा झाल्या. आम्ही हरलो.

वार्ताहरांनी घेरलं. एकानं विचारलं, "मोज्यात काही बिघाड होता का?"

लिओन्तेनं मला काखेत दाबलं. तुटकी वादी कुणाला दिसली नाही.

"मोजा चांगला आहे," तो म्हणाला. "हात माझा चुकला."

त्या दिवसापासून गाव त्याला 'मालेता' म्हणू लागलं. मालेता म्हणजे प्रवासाची पेटी. आणि ज्याला खेळ येत नाही, त्यालाही आमच्याकडे मालेताच म्हणतात. पुढच्या हिवाळ्यात गावच्या संघानं बोलावलं नाही.

मला वाटलं, आता हा मला फेकणार. पण तो मला घेऊन दोन्या इनोसेन्सियाकडे गेला. म्हातारी खोगिरं शिवायची, आणि मानानं सगळे तिला दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचे. तिनं मला उलटासुलटा केला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"ही वादी त्याच दिवशी तुटली ना?"

"दोन्या, तुम्ही नवी घाला."

"अरे गाढवा, मग लोकांना सांगत का नाहीस?"

"सामन्याआधी वादी बघायची कुणी? मीच ना? मग? घाला मुकाट्यानं."

ती पुटपुटत राहिली, पण वादी अशी घातली की बैलानं ओढली तरी हलू नये.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं हिंडलो. मेक्सिकोच्या धुळीनं माझ्या सुरकुत्या भरल्या. तैवानच्या दमट हवेत मला बुरशी आली. लिओन्तेनं जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसून काढली. इटलीत प्रेक्षक इतके कमी, की शिंक आली तर आख्खं मैदान 'देव भलं करो' म्हणायचं. अकरा संघ झाले. दर ठिकाणी खोली नवी, भाषा नवी. त्याच्या हाताचा घाम तेवढा ओळखीचा.

मेक्सिकोत एका टकल्या, पोट सुटलेल्या खेळाडूनं लिओन्तेला भर मैदानात मामा बनवलं. चेंडू मोज्यात लपवून ठेवला आणि लिओन्तेनं बेसवरून पाय उचलताच तो त्याच्या अंगाला टेकवून त्याला बाद केलं. लिओन्ते चिडला नाही. संध्याकाळी त्याच्यासाठी बिअर घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, शिकवा."

छत्तिसाव्या वर्षी गावाहून फोन आला. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा घोटा मुरगळला होता, आणि पुन्हा निकालाचा सामना तोंडावर होता. लिओन्ते मैदानात उतरताच प्रेक्षकांतून गावचा चेओ न्हावी ओरडला. त्याचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा.

"मालेता! विमान चुकलं का रे?"

"नाही चेओ, तुझ्याकडे दाढी करायला थांबलोय!"

"ये ये! माझाही हात चुकतो कधी कधी!"

सगळे हसले. लिओन्तेही हसला. त्याचा हात माझ्या आत होता, म्हणून सांगतो, ते हसू खरं होतं.

शेवटचा डाव. पुन्हा दोघं बाद, पुन्हा आम्ही एका धावेनं पुढे. त्यांच्या धिप्पाड गड्यानं जोरदार फटका मारला आणि दुसऱ्या बेसवर येऊन थडकला. दुरून आलेला चेंडू मी घेतला, पण उशीर झाला होता. गडी बेसवर उभा राहून आपल्या लोकांकडे बघत छाती बडवू लागला.

लिओन्ते आमच्या गोलंदाजाकडे, मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकणाऱ्या तरण्या एदिल्सोनकडे गेला. त्याच्या पाठीवर थाप मारून पुटपुटला, "उंचवट्यावर जाऊ नकोस. खाली उभा राहून बुटाची नाडी बांध. सावकाश."

आणि रिकामा उजवा हात हलवत परत आला. चेंडूशिवाय गोलंदाजानं उंचवट्यावर चढणं नियमात बसत नाही, आणि चेंडू तर माझ्या पोटात होता. मी मिटून राहिलो. तेल, घाम, धूळ, सगळ्यासकट घट्ट मिटलो. तीस हजार डोळे एदिल्सोनच्या नाडीकडे.

गड्यानं कपडे झटकले आणि बेसवरून दोन पावलं पुढे टाकली.

लिओन्तेनं मला अलगद गड्याच्या कमरेला टेकवलं. मग मला उघडून पंचांना चेंडू दाखवला.

क्षणभर कुणाला काहीच कळेना. पंचांचा हात वर गेला, तिसरा गडी बाद, सामना आमचा, आणि मग जो कल्ला झाला त्यात चेओचा भोंगासुद्धा ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी चेओ घरी आला. दोन्या इनोसेन्सियानं अखेर त्याला वादीची गोष्ट सांगितली होती. लिओन्ते मांगू, म्हणजे उकडून कुसकरलेली कच्ची केळी, खात बसला होता, मी खुर्चीवर.

"नऊ वर्षं शिव्या दिल्या रे तुला," चेओ मान खाली घालून म्हणाला. "एकदा तरी बोलायचंस!"

"मोज्यावर ढकलू? त्याला तोंड नाही म्हणून?" लिओन्तेनं ताट पुढे केलं. "बस, खा. दाढी आज इथंच कर माझी."

आता लिओन्ते चव्वेचाळीस वर्षांचा आहे. सकाळी मैदानावर होतकरू खेळाडूंना शिकवतो. संघाच्या लोकांनी मला काचेच्या कपाटात ठेवायला मागितलं होतं. "अजून कामावर आहे तो," असं सांगून त्यानं त्यांना वाटेला लावलं.

तुम्हालाही माझी हीच विनंती. माझ्याकडे कौतुकानं बघत बसू नका. माझा तळवा पातळ झालाय, करंगळी फाटलीय, पण झेल अजून पक्का आहे. ज्या दिवशी चेंडू लिओन्तेच्या हाडाला लागेल, त्या दिवशी मी स्वतःहून उतरेन.

तो दिवस आजचा नव्हे. गवत अजून ओलं आहे, लिओन्ते गुडघ्यात वाकलाय आणि समोरून पहिला चेंडू सुटलाय. जरा बाजूला व्हा.