सहा काळ्या वायरी

प्रज्योतच्या डोक्यात चोर शिरलेत, हे गोव्यातल्या साखळीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. घरामागच्या शेडला त्याची दोन कुलपं, खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि काम चालू असताना कुणी आलं की आधी टेबलावर टॉवेल पडायचा, मग ‘ये, बस’. त्याचा मित्र संदीप त्याला म्हणायचा, “अरे, तुझ्या शेडीत चोर शिरलो तरी त्येका वाट विचारूक तुकाच उठवचा लागतला.”

प्रज्योतला कारणही तसंच घडलं होतं. आमोण्याच्या बाजूला खाणीच्या टिपरांवर इलेक्ट्रिशियन असताना त्याने डिझेल वाचवणारा एक छोटा खटका तयार केला होता. तीन महिन्यांत तोच खटका एका दुकानात निम्म्या किमतीला टांगलेला दिसला. आत त्याच रंगांच्या वायरी, त्याच जागी. रंग बघून कुणीही शेंबडं पोर नक्कल करू शकतं, हा धडा त्याने त्या दिवशी घेतला. धडा काही चुकीचा नव्हता. पण माणूस एकदा पोळला की ताकच काय, पाणीसुद्धा फुंकायला लागतो, तसं त्याचं झालं.

खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि टिपर दाराशी गंजत उभे राहिले, तेव्हा प्रज्योत बाईकींकडे वळला. डोंगरात, चिखलात जाणाऱ्या त्या उंच, मोठ्या चाकांच्या ॲडव्हेंचर बाईकी. कंपनीतून येताना त्यांचं इंजिन जरा दबकूनच असतं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर इंजिनाच्या कंप्युटरला आकडा पाठवतो आणि त्या आकड्यावर कंप्युटर पेट्रोल सोडतो. प्रज्योतने काडेपेटीएवढी एक पेटी बनवली. ती दोघांच्या मध्ये बसायची, आकडा थोडा फिरवून पुढे द्यायची, आणि बाईक घाटात अशी उचल खायची की मागे बसलेल्याने खांदाच धरावा.

हे सगळं तपासायला संदीप. तो मूळचा दोडामार्गकडचा. आई विमलबाईंना घेऊन खाणीवर ड्रायव्हर म्हणून आला तो प्रज्योतचा जिवाभावाचा मित्र झाला, आणि पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचा, क्षमाचा, नवराही. चोर्ला घाट तो पेटी लावून साठ-सत्तर वेळा चढला असेल. प्रत्येक वेळी खाली येऊन सांगायचा, इथे अडली, तिथे धावली, आणि प्रज्योत पेटीतले आकडे बदलायचा. थंडीत कशी चालते ते बघायला दोघांनी ती मासळीच्या शीतगृहात तीन दिवस ठेवली. पेटी चालली, फक्त पुढे आठवडाभर शेडमध्ये बांगड्याचा वास होता. थंडी अशी मागून मिळाली. उंची कुठून मागणार? गोव्यात चोर्ल्याच्या वर काय आहे? त्यापुढचे आकडे प्रज्योतने वहीत अंदाजाने लिहिले आणि पेटीत भरले. अंदाज चुकणार नाही असं त्याला मनापासून वाटलं होतं.

पुण्याचा एक विक्रेता म्हणाला होता, लडाखला जाऊन आलेली पेटी दाखवा, मग बोलू. संदीप-क्षमा लगेच तयार झाली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोघं कधी बेळगावपलीकडे गेली नव्हती. चवथ आटोपली, गणपती पोचवले, आणि निघायच्या आधी संदीपची आई, विमलमावशी, देवीला कौल लावायला गेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला पाकळ्या लावल्या, आणि जरा वेळाने उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. मावशी प्रसाद घेऊन तशीच शेडमध्ये आली. “उजवी दिल्यान रे! आता बघच तू.”

त्या आठवड्यात प्रज्योतने संदीपच्या बाईकवर पेटी कायमची बसवली. कशी, तेही सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच आहे. कंपनीचा जोड त्याने कापून टाकला, म्हणजे वाटेत कुणी पेटी उचकटून नेऊ नये. सेन्सरकडून येणाऱ्या तीन वायरी आणि कंप्युटरकडे जाणाऱ्या तीन, अशा सहाच्या सहा काळ्या घेतल्या, म्हणजे बघणाऱ्याला काही उमगू नये. आणि अगदी सेन्सरच्या व कंप्युटरच्या तोंडाशी घेतलेले दोन्हीकडचे सांधे, पेटीसकट, दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बुडवले. संदीप बाजूला उभा राहून बघत होता.

“आणि माकाच उघडूक लागली तर?”

“माका फोन कर,” प्रज्योत म्हणाला, आणि दोघे हसले.

दोघं निघाल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता फोन आला. क्षमाचा होता. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं.

“दादा, बाईक चालू जायना. काल सांजेपासून. धूर काळो येता आणि बंद पडता.”

“संदीपाक दी फोन.”

“तो तंबूत न्हिदला. दादा, तो बरो ना. रातभर खोकलो. आता खोकल्यांतल्यान फेस येता, तांबूससो.”

लडाखमध्ये दोन खिंडींच्या मधल्या खळग्यात ती दोघं अडकली होती. एका म्हातारीचा चहाचा तंबू, बाकी कोणी नाही. पुढे दरड कोसळल्यामुळे ट्रक, गाड्या सगळं बंद. फक्त बाईक कडेने निघू शकत होती, आणि सकाळपासून दुसरी एकही बाईक आली नव्हती. म्हातारी एकच गोष्ट हाताने पुन्हापुन्हा दाखवत होती: खाली न्या, याला खाली न्या. पण खाली जायचं तर आधी तीन-चारशे मीटर चढून खिंड ओलांडावी लागत होती.

काय झालंय ते प्रज्योतला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच वाईट झालं. वर हवा विरळ. पेटी मात्र त्याच्या वहीतल्या अंदाजाने भरपूर पेट्रोल मागत होती. इंजिन पेट्रोलात बुडत होतं. पेटी काढून वायरी थेट जोडल्या की बाईक चालू. शेडमध्ये पाच मिनिटांचं काम.

“क्षमा, आयक. पेटी काप. इकडच्यो तीन वायरी, तिकडच्यो तीन. एकाक एक जोडपाच्यो.”

“खंयची खंयच्याक?”

प्रज्योतने वही उघडली. वहीत सगळं होतं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, सुबक अक्षरात. पण ते नंबर पेटीच्या तोंडाशी होते आणि पेटीचं तोंड रेझिनमध्ये होतं. बाहेर नुसत्या काळ्या.

“दादा? सगळ्यो काळ्योच मरे.”

“हय.”

“मगे?”

तीन आणि तीन. जोडायच्या तऱ्हा सहा. त्यातली एक बरोबर, आणि चुकीच्या पाचांपैकी एखादीत सेन्सरच जळायचा, म्हणजे संपलंच. कोणती ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्याने हे सगळं तिला सांगितलं. प्लग काढून पूस, प्रत्येक खेपेला बॅटरीला विसावा दे, कुठली जोडून झाली त्याची खूण ठेव. ती ‘हय, हय’ म्हणत होती. मग म्हणाली, “दादा, रेंज हांगा फातरार चडल्यारच मेळटा. बाईकपाशी ना. हांव वतां.”

ती दगडावरून उतरली आणि फोन बंद झाला. त्यानंतर प्रज्योतने चाळीस वेळा लावला.

मग त्याने जे जे करता येतं ते केलं. तिकडच्या मदतीचे नंबर शोधून फोन केले. एका ठिकाणी कुणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी एक भला माणूस म्हणाला की रस्ता उघडला की पहिली गाडी पाठवतो, उद्या सकाळी. साखळीतल्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर एवढंच म्हणाला, “उंचीमुळे छातीत पाणी भरतंय. वेळ घालवू नका, खाली आणा.” जणू प्रज्योत वेळ घालवत होता! साखळीत बसून माणूस कुणाला खाली आणणार? त्याच्या टेबलावर मीटर होता, कटर होता, सोल्डरिंगची बंदूक तापलेली होती. तो उठायचा, काहीतरी हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा.

चार वाजता विमलमावशी चहाचा थर्मास आणि पाववाल्या पोदेराचे ताजे उंडे घेऊन आली. रोज यायची. मुलगा बाहेर होता म्हणून प्रज्योतचं कोडकौतुक जरा जास्तच चाललं होतं.

“फोन इलो काय रे पोरांचो?”

“इलो. बाईक वायच बंद पडली हा. चालू जातली आता.”

“तुझी पेटी आसा मां? मगे माका भिया नाय.” आणि तिने उंडा फोडून त्याच्यापुढे ठेवला. “खा. तोंड बघ कसा सुकला तुझा.”

खाल्ला नाही तर ती विचारील, म्हणून त्याने खाल्ला. ती समोर बसून संदीप लहानपणी सायकलवरून कसा पडला ते सांगत राहिली. प्रज्योतला वाटलं, आत्ता हिला सगळं सांगावं आणि हिच्या पायांवर डोकं ठेवावं. पण सांगून ती तरी काय करणार होती? तो आणि क्षमा, दोघांच्या ऐवजी तिघं तळमळली असती. तो फक्त घड्याळाकडे बघत होता. पाच वाजले, साडेपाच वाजले. मावशी रिकामा थर्मास घेऊन गेली.

साडेसहा वाजून गेल्यावर मोबाईल वाजला नाही, नुसता संदेश आला. जाली चालू. वतां.

प्रज्योत शेडमध्ये एकटाच मोठमोठ्याने रडला. देवीला हात जोडले. खुळाच तो, त्याला वाटलं आता सगळं मिटलं.

संदीपने खिंडीपलीकडच्या गावात, दवाखान्याच्या दारात जीव सोडला. क्षमाने त्याला शालीने आपल्या पाठीला बांधून आणलं होतं. तिथला डॉक्टर म्हणाला, दोन तास आधी आणला असता तर कदाचित. डॉक्टर लोक हे ‘कदाचित’ कशाला बोलतात कोण जाणे. जिवंत माणसाला ते आयुष्यभर पुरतं.

बारावं झाल्यावर क्षमा भावाच्या शेडमध्ये आली. तिच्या बोटांची टोकं थंडीने अजून काळवंडलेली होती. तिने पिशवीतून कापलेली पेटी काढून टेबलावर ठेवली. प्रज्योतने टॉवेल टाकला नाही.

पेटीच्या दोन्ही अंगांना वायरींचे तुकडे लोंबत होते, वीतभर लांब, आणि प्रत्येकाला, बाईकवर राहिलेल्या टोकांसारखाच, लोकरीचा धागा बांधलेला. तांबडा, पिवळा, हिरवा. परत तांबडा, पिवळा, हिरवा.

“तंबूतल्या आजीन आपलो स्वेटर उसयलो,” क्षमा म्हणाली. “हातमोजे घालून वायरी पिळूंक येयनात. काडले की बोटां चलनात. पांचव्या खेपेक चालू जाली, दादा.”

तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती उठली आणि मागे न बघता घरात आपल्या आईकडे गेली.

थोड्या वेळाने विमलमावशी आली. थर्मास नव्हता. ती खुर्चीवर बसली.

“माझीच चूक रे ती,” ती म्हणाली. “कौलाक मी पेटीचा विचारलंय. पेटी नाव काढतली काय, इतक्याच. माझ्या झिलाचा विचारूक होया होता. देवीन विचारल्याचा जवाब दिल्यान, तिचो काय दोष?”

“तसां नाय, मावशी.”

“तसांच. माका ठावक आसा.”

मावशीने पेटी उचलून मांडीवर घेतली. बोटांनी लोकरीच्या गाठी चाचपत राहिली, एकेक, सहाही.

“ह्यो गाठी कित्याक मारल्यान पोरीन?”

“खंयची वायर खंयची ता कळाक.”

“कित्याक? रंगाच्यो वायरी गावनत नाय काय रे?”

तिच्या डोक्याच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्यांना, वायरींची भेंडोळी टांगलेली होती. तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी, अजून प्लास्टिकसुद्धा न फोडलेली.

“गावतत, मावशी,” तो म्हणाला. “हंयच आसत.”

तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.