एक दिवस उशिरा

ताई सात वर्षं सरांच्या लॅबमध्ये मेंदूच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होती. पोषण तोडलं की या पेशी दोन दिवसांत मरतात. पेशीच्या आत 'तगून राहा' असा निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं, कायनेज. त्याला जोर देऊन पेशी वाचवायच्या, हा ताईचा ध्यास. वाचायच्याही, पण शंभरातल्या वीस.

आणि कालपरवा आलेल्या मुलीने 'आता संप' असं सांगणारं दुसरंच कायनेज औषधाने गप्प केलं. तिच्या सत्तर जगल्या.

"पोरीच्या हाताला गुण आहे!" सर सगळ्यांसमोर म्हणाले. ताईनेही टाळ्या वाजवल्या. सात वर्षांत तिच्या हाताबद्दल सरांनी चकार शब्द काढला नव्हता.

"तू एकदा करून बघ," सर तिला म्हणाले. "तुझ्याकडेही जगल्या की मी निर्धास्त."

मुलीच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं: आधी औषध, मग पोषण बंद. ताईने पोषण आधी तोडलं आणि औषध दुसऱ्या दिवशी घातलं. चुकून नव्हे.

मायक्रोस्कोपखाली पेशींचे धागे तुटून मणी मणी झालेले दिसले, तेव्हा तिला चक्क बरं वाटलं. "नाही जमलं," तिने सरांना कळवलं.

मुलगी भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती स्टूल ओढून शेजारी बसली. "ताई, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुमचं चुकायचं नाही. मी सगळं मागे घेते."

ताई म्हणाली, "काही मागे घेऊ नकोस. औषध मी एक दिवस उशिरा घातलं. मुद्दाम."

मुलगी उठून गेली. आठवडाभर ती ताईशी बोलली नाही. ताईने सरांनाही खरं सांगितलं. त्यांनी तिला सडकून झापलं, आणि मग विचारलं, "एका दिवसाने घातलं तर एकही वाचली नाही?"

"एकही नाही."

"मग सहा तासांनी? बारा?"

ते ताईला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती तासातासाने उशिरा औषध घातलेल्या बश्या लावू लागली.

या प्रयोगांचा पेपर छापून आला तेव्हा मानाचं पहिलं नाव मुलीचं होतं, ताईचं दुसरं. अभिनंदन करताना ताईला हसू ओढूनताणून आणावं लागलं. ते मुलीच्या लक्षात आलं असावं. "थँक्यू," एवढंच म्हणून तिने पिपेट उचललं.