मी पळत नाही, वेगात जातो

मी एक गाणं बोलतोय. जरा सावकाश बोलायचा प्रयत्न करतोय, कारण ती सवय मला नाही. माझ्या जातीला पॉवर मेटल म्हणतात, रॉक संगीतातलीच एक दणदणीत जात. दोन गिटारी, आभाळाला भिडणारा गळा आणि पत्र्यावर सुपाऱ्या ओतल्यासारखे ड्रम. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, की कुणीतरी कॅसेट पुढे पळवतंय.

माझा जन्म १९९८ सालचा. उत्तरेकडच्या एका थंड देशात, मासे साठवायच्या बंद पडलेल्या शेडमध्ये पाच जणांनी मला घडवलं. पाचांचेही केस कमरेपर्यंत, फक्त गायकाचे पुढून कमी होऊ लागले होते. माझ्या शब्दांत एक राज्य बुडतं, एक घोडेस्वार येतो आणि सातव्या मिनिटाला सूर्य उगवतो. तो नेमका का उगवतो हे मलाही अजून कळलेलं नाही.

माझा खरा जीव होता तो ड्रमवाला. किडकिडीत माणूस, सकाळी गाडीतून घरोघर पाव पोचवायचा. मोठे ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचे असतात, आणि त्याने मला एका दमात, रेकॉर्डिंगचे तुकडे कुठेही न जोडता वाजवलं. संपल्यावर दोन्ही पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून तो किती तरी वेळ बसला होता.

आणि लोक काय म्हणाले? म्हणाले, हे माणसाचं काम नाही, मशीन लावलंय. एकाने म्हटलं, मग दुसऱ्याने, मग सगळेच म्हणू लागले. त्याने शपथा घेतल्या, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? शेवटी त्याने तो बँडच सोडला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

काही वर्षं मी धूळ खात पडलो. मग कुणा व्हिडिओ गेमवाल्यांनी मला उचललं आणि त्यांच्या खेळात सर्वांत शेवटी, सर्वांत कठीण म्हणून बसवलं. पडद्यावर रंगीत ठिपके खाली सरकतात, ठिपका रेषेवर आला की बरोबर त्या क्षणी कळ दाबायची. ज्यांनी मला फुकटही ऐकलं नसतं, ते पैसे मोजून माझ्याकडून हरू लागले. माझं नाव झालं. मीही थोडा शेफारलो, नाही कशाला म्हणू?

असा फिरत फिरत मी रत्नागिरीत, मारुती मंदिरामागच्या शार्दूलच्या सायबर कॅफेत येऊन पडलो. कॉलेजची पोरं वडापावच्या पैजा लावून माझ्याशी भिडायची. बहुतेक जण पहिल्या मिनिटातच आडवे व्हायचे. एखादा टिकलाच, तर भारनियमन त्याला आडवं करायचं. माझ्यातला घोडेस्वार पुलावर पोचायचा आणि वीज जायची. मग अंधारात "मी जिंकलोच होतो" म्हणणारे दहा जण निघायचे.

त्या कॅफेत संदेश कामाला होता. अडलेली मशीनं चालू करायची, कीबोर्ड पुसायचे, पैसे घ्यायचे. तो रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावरच्या एका वाडीचा. बाप रामा वाडीच्या जाखडीत उभी हयात ढोलकी वाजवत आलेला. तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो, जाखडी म्हणजे गणपतीत घरोघरी, अंगणात होणारा नाच. मध्ये गाणारा बुवा आणि ढोलकीवाला बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले गडी फेर धरतात, आणि रंग चढला की लयही चढत जाते.

रामाचे हात थकले तेव्हा ढोलकी संदेशकडे आली, आणि तिथेच सगळं बिनसलं. त्याचा हात गोड होता, पण थांबायला तयार नव्हता. बुवाचं कडवं संपायच्या आत हा पुढच्या वळणावर. मागल्या गणपतीत त्याने लय अशी पळवली, की फेर धरलेले गडी एकमेकांच्या पायांत अडकले आणि रघूचा घोटा मुरगळला. धाकूबुवांनी गाणं थांबवलं.

"मेल्या, ढोलकी वाजवतोस का सुटलेली एस्टी पकडतोस?"

सगळं अंगण हसलं. बुवांनी ढोलकी उचलून त्याच्या चुलतभावाच्या, बाबल्याच्या मांडीवर ठेवली आणि संदेशच्या हातात झांज दिली. ढोलकीवाल्याच्या हातात झांज देणं म्हणजे काय, ते कोकणात वेगळं सांगावं लागत नाही. रामा उठून घराकडे चालू लागला. त्याच्या त्या उठून जाण्याचाच संदेशला जास्त त्रास झाला. बापाची जागा आपल्या हातून गेली, हे त्याच्या मनातून जाईना.

एका दुपारी, कॅफे रिकामा असताना, तो माझ्यासमोर बसला. गिटार सोडून त्याने ड्रम निवडले आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. दहा सेकंदांत मी त्याला बाहेर काढला. पुन्हा बसला, पुन्हा काढला. त्याची बोटं भलती चपळ होती हो, पण प्रत्येक कळ ठिपका येण्याआधीच दाबलेली. या खेळात लवकर आलेली थापही चुकलेलीच धरतात.

शार्दूल मागून बघत होता. "अरे, येऊ दे की त्याला रेषेपर्यंत. तो काय तुला चुकवून गणपतीपुळ्याला जाणार आहे?"

"एवढं जोरात चाललंय, मग थांबायचं कसं?"

"ते जोरात चाललंय. पण वाढतंय कुठे? नीट ऐक."

मला तर नाचावंसं वाटलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं. मी वेगात जातो, पण पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तसूभरही पळत नाही. ती त्या पाववाल्याची करामत. संदेशने कीबोर्ड बाजूला ठेवला, कानाला हेडफोन लावला आणि बोटाने मांडीवर नुसता माझा ठोका धरत बसला. साधायला वेळ लागला. आधी पावसाळा गेला, मग थंडी, आंब्याच्या दिवसांत शार्दूल पावस गावाला बागेवर गेला तेव्हा कॅफे एकटा सांभाळतानाही तो माझ्याशीच झटत होता. अखेर एकदा सूर्य उगवेपर्यंत तो टिकला. योगायोगाने वीजही टिकली.

पुढच्या गणपतीत त्याच्या हातात झांजच होती. पण गौरी गेल्या आणि बाबल्याची रजा संपली. चाकरमानी तो, मुंबईला निघून गेला. शेवटच्या दोन घरांची जाखडी राहिली होती. धाकूबुवांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ढोलकी संदेशकडे सरकवली.

"धरून वाजव. रघू आताशी कुठं नीट चालतोय."

मी संदेशच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होतो. श्वास असता तर रोखला असता. बुवांनी गण म्हटला, संदेश त्यांच्या मागे मागे, सावलीसारखा. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. गडी बिनधास्त पाय टाकू लागले. रामा पडवीत बसला होता, तो हळूच पुढे सरकला. आणि मग जे बुवा जन्मभर "धर, धर" म्हणत आले, तेच म्हणाले, "चढव आता."

संदेशने चढवली. सगळा फेर एका पायाने चढला, कुणाचा कुणाला धक्का लागला नाही.

नंतर चहा पिताना बुवांनी विचारलं, "कुणाकडं शिकलास रे?"

संदेशने लाजत मोबाइल काढला आणि इयरफोन त्यांच्या कानात घातले. सत्तरीचे धाकूबुवा आणि मी. माझी गाळण उडाली. पण त्यांनी मला सातही मिनिटं ऐकलं, गुडघ्यावर बोटाने ताल धरून. चहा निवून गेला.

"गळा काय मला कळला नाय. ढोलकीवाला कोण रे ह्यो?"

"परदेशातला हाय, बुवा. मोठा ढोल पायांनी वाजवतो. लोक म्हणतात, माणूस नाय, मशीन लावलंय."

"कोण म्हणतो? तो बोंबलणारा गप झाला ना, तिथं पाय जड झालाय त्याचा. दमलाय तो. मशीन दमतं काय? दमला, पण लय सोडली नाय त्यानं." बुवांनी इयरफोन जपून परत दिले. "त्याला सांग, पुढल्या गणपतीला वाडीत ये म्हणावं. उतरायची सोय मी करतो."

आज तो कॅफे राहिलेला नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. तो खेळही कुणी खेळत नाही. मी संदेशच्या मेमरी कार्डावर आरत्यांच्या शेजारी असतो आणि शेजार चांगला आहे. माझं एकच काम राहिलंय, ते मला स्वतःला जमत नाही, म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. कुठे एखादा किडकिडीत म्हातारा पाववाला भेटला, आणि गप्पा मारताना त्याचे पाय आपोआप ठेका धरत असले, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, रत्नागिरीकडच्या एका बुवाने तुझा दमलेला पाय ऐकला. आणि गणपतीचं बोलावणं आहे, ते टाळू नकोस.