लाल ठिपका

पहिलीच्या वर्गात नुसता कलकलाट असायचा, पण एक पोर शब्दाला महाग होती. पोरांनी तिचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. घरी तिची जीभ टाळ्याला लागत नाही, असं तिची आई शपथेवर सांगायची. शाळेत पाऊल टाकलं की मात्र तोंडाला कुलूप.

मुख्याध्यापिकांनी वर्गाच्या बाईंना निक्षून सांगितलं होतं, "सत्र संपेपर्यंत बोलली नाही तर तिला विशेष मुलांच्या शाळेत पाठवायचं. एकदा मला तिचा आवाज ऐकवा, मग मी हा विषय काढणार नाही."

बाईंची सगळी मदार टॅबवर होती. त्यात बोटानं चित्र काढायचं, लाल ठिपका दाबायचा आणि चित्राची गोष्ट सांगायची, की आवाज टॅबमध्ये साठायचा. बाई रोज टॅब तिच्या तोंडासमोर धरायच्या. "बोल गं बाळा." पोर नुसती ठिपक्याकडे बघत राहायची.

त्या दिवशी ती आपणहून टॅब घेऊन दप्तरांच्या मांडणीमागे जाऊन बसली. पाय फुटलेलं जांभळं घर काढलं तिनं. बाई चार्जरवरून जुंपलेलं भांडण सोडवत होत्या. सहज मान वळवली तर पोरीचे ओठ हलताना दिसले. बाईंचा जीव सुपाएवढा झाला. पण जवळ गेलं आणि ती बिचकली तर सगळंच मुसळ केरात, म्हणून त्या गेल्या नाहीत.

घंटा झाली. दुपारच्या वर्गाची पोरं दाराशी रेटारेटी करू लागली. त्यांना टॅब रिकामे लागायचे, जुनं पुसल्याशिवाय नवं मावत नसे. बाईंचा अंगठा रोजच्या सवयीनं चालू लागला. निवडा, पुसा, हो. निवडा, पुसा, हो. जांभळं घर दिसलं तेव्हा अंगठा 'हो' म्हणून मोकळा झाला होता.

टॅब दुरुस्त करणाऱ्यानं हात वर केले. "गेलं ते गेलं, बाई."

दुसऱ्या दिवशी आई पोरीला घेऊन हजर. "हिनं काल शाळेत गोष्ट सांगितली म्हणे. ऐकवा ना." मुख्याध्यापिकाही आल्या होत्या. बाईंनी खरं ते सांगितलं. सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओठ हललेले मी बघितलेत," त्या म्हणाल्या.

"ओठ जेवतानाही हलतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ठरलंय तसं करू या."

आईनं विनवलं, "सांग गं, तीच गोष्ट सांग." बाई पोरीसमोर खाली बसल्या. "चुकलं माझं. पुन्हा एकदा सांगशील?"

 पोरीनं टॅब उचलला, कोरं पान उघडलं, लाल ठिपका दाबला आणि टॅब बाईंच्या तोंडासमोर धरला.

ठिपक्याशेजारचे सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते. बाईंना खूप बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.