पहिल्या हाकेला

आमच्या पळसदरीत तिन्हीसांजेला कुणी एकदाच हाक मारली तर ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा मारील. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं. मी शकू, गावची आशा सेविका, गोळ्या वाटणारी, पोरांना लस टोचून घ्यायला लावणारी, पण हा नियम मीही पाळत आले. भुतांवर माझा विश्वास नाही, भीती मात्र आहे.

दर रविवारी दुपारी समाजमंदिरात मी पुरुषांची बैठक भरवते. कर्जतहून तौकीरभाई समुपदेशक येतात, 'मनात काय आहे ते बोला' म्हणतात. आमचे बाप्ये काय बोलतात? 'सगळं बरं हाय.' डोक्यावर आभाळ कोसळलं तरी बरंच हाय! घरी बायकोशी भांडताना जीभ कात्रीसारखी चालते, तिथे मात्र दातखीळ बसते.

माझा दीर धाऊ तर तेवढंही म्हणत नसे. मोहोपाड्याच्या कंपनीतून कमी केल्यापासून तो गप्प झाला होता. ताटावरून अर्धवट उठायचा, धरणाकडे बघत बसायचा. मला त्याची धास्तीच वाटायची, कारण मागच्या वर्षी शेजारच्या अंबाबाईंचा नागू असाच गप्प झाला आणि त्याच धरणात सापडला.

त्या रविवारी धाऊ बैठकीतून उठून गेला तो घरी आलाच नाही. फोन घरात पडलेला. दिवेलागणीला मी अंगणात येरझाऱ्या घालत होते, अंबाबाई ओट्यावर वाती वळत होत्या. तेवढ्यात धरणाच्या बाजूने हाक आली.

"आईऽऽ!"

एकदाच. भुंकणारी कुत्री गप्प झाली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. धाऊची आई, माझी सासू, कधीच वारली होती. मी सवयीने तोंडावर हात ठेवून दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागले.

अंबाबाईंच्या हातातली वात गळून पडली.

"नागू हाय त्यो," त्या म्हणाल्या. "तवाबी अशीच एकदा मारली व्हती. मी दुसरीची वाट बगत बसले गं, शकू."

आणि साऱ्या गावाला हा नियम शिकवणारी ती म्हातारी "ओऽऽ, ओऽऽ" करत धरणाकडे धावत सुटली. मी तिच्यामागे.

धाऊ पाण्यात गुडघाभर उभा होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि आधी चार शिव्याच हासडल्या. मग म्हटलं, "बरं झालं रं, हाक मारलीस."

"मी नाय मारली," तो म्हणाला. "कोन आलं असतं, वैनी?"

आसपास चिटपाखरू नव्हतं. थोडं पुढे, खोलात, पाणी मात्र हलत होतं, कुणी नुकतंच आत गेल्यासारखं.

अंबाबाई काठावर उभ्या राहिल्या. "ओ, नागू! ओ रं, माज्या बाला! आले मी!" वर्षभर घशात अडकलेला ओ त्यांनी दिला. मला रडू आवरेना. हळूहळू पाणी शांत झालं.

आम्ही परत निघालो. अंबाबाईंना चढ चढवेना म्हणून मी धाऊचा हात सोडून त्यांना धरलं; तो मागे राहिला. मागून आवाज आला, अगदी हळू, एकदाच.

"वैनी."

मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली नाही. "ओ," म्हटलं.