खरा पंप कसा ओळखावा

सणसरच्या ऋषिराजने बारामतीच्या एमआयडीसीत फवारणी पंपांचा कारखाना काढला आणि पंपाला नाव दिलं ‘नीराराज’. पंप गळायचा. शेतकरी पाठीला खताची रिकामी पिशवी बांधून फवारायचे. ऋषिराज त्याला ग्राहकांची निष्ठा म्हणायचा. गळती थांबवायला त्याला सवड नव्हती. नाव मात्र त्याने रजिस्टर केलं, कस्टमकडेही नोंदवलं. त्या नावाचा माल कुणी परदेशातून आणलाच, तर तो बंदरातच अडवावा म्हणून.

आणि माल आला. चीनहून सहाशे पंप. तोच निळा रंग, तेच नाव. मागवणारा इंदापूरचा मोहित, परवापरवापर्यंत ऋषिराजचाच विक्रेता. कस्टमने माल रोखून ऋषिराजला बोलावणं धाडलं. त्याने आधी गावात पेढे वाटले. चीनने नक्कल करावी असं सणसरात आजवर दुसरं निघालं तरी काय होतं?

न्हावा-शेव्याच्या गोदामात अधिकारी स्वरदा मॅडमनी दोन पंप समोर ठेवले, एक कारखान्यातला, एक अडवलेला. मोहित तिथंच होता. ऋषिराजही पंप चीनहूनच आणतो, दोन्ही एकाच कारखान्याचे, असं तो छातीठोकपणे सांगत होता. ऋषिराजने शिक्का दाखवला, पट्टा दाखवला, झाकण दाखवलं. सगळं हुबेहूब होतं, लेबलावरची शुद्धलेखनाची चूकसुद्धा. शेवटी मॅडमनी दोन्हींत पाणी भरायला लावलं. दहा मिनिटांत एकाखाली थारोळं साचलं.

आता ऋषिराजची पंचाईत झाली. गप्प राहावं तर सहाशे पंप बाजारात, बोलावं तर अब्रू जाते.

“गळतोय तो माझा,” तो म्हणाला.

मॅडमनी ते जसंच्या तसं जबाबात लिहून सही घेतली. मोहित हसलासुद्धा नाही, हे ऋषिराजला जास्त लागलं.

सहाशे न गळणारे पंप सरकारी देखरेखीखाली चिरडले गेले. बारामतीच्या उद्योजकांनी अस्सलतेचा रक्षक म्हणून ऋषिराजला शाल-श्रीफळ दिलं.

दुसऱ्याच दिवशी बावड्याचे दत्तोबा तात्या कारखान्यात हजर. त्यांच्याकडे मोहितच्या आधीच्या, कस्टमच्या नजरेतून सुटलेल्या खेपेतला पंप होता आणि खोक्यावर पत्ता इथलाच. ऋषिराजने त्याच्या बदल्यात अस्सल पंप फुकट देऊ केला.

“त्यो नगं,” तात्या म्हणाले. “आमच्या घरी हाय त्यो, पाठ भिजती. ह्याच्यातलाच आनखी एक हाय का, तेवढं सांगा.”

ऋषिराजने तो पंप तासाभरासाठी मागून घेतला आणि स्वतः बसून खोलला. वॉशर जरा जाड होता, एवढंच. त्याने मिस्त्रीला बोलावलं आणि अगदी तसाच वॉशर बनवायला सांगितला.